दादा आहुप्याला राहायला गेले

श्रावणातला सोमवार होता. डिंगोऱ्याच्या देवळात संध्याकाळची पोथी चालू होती आणि वाचायला माझे वडील बसले होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. तीसेक वर्षं श्रावणात पोथी वाचायचा मान त्यांचाच. आवाज खणखणीत, आणि अर्थ सांगायला लागले की म्हाताऱ्या बायका माना डोलवायच्या. मला ओतूरला दिलेली, पण त्या दिवशी मी माहेरी होते आणि बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले होते.

एक ओवी अर्धी झाली आणि दादा थांबले. आम्हाला वाटलं, चष्मा पुसत असतील. त्यांनी चष्मा काढला, पोथी मिटली, फडक्यात नीट गुंडाळली आणि म्हणाले, "मंडळी, माफी करा. मला ह्ये खरं वाटत न्हाई. मला वाटत नसताना तुमाला वाचून दाखवायचं, ह्ये काय बरं न्हाई."

मग माझी आत्या, म्हणजे दादांची थोरली बहीण, मागून मोठ्यानं म्हणाली, "अरं, बीपीची गोळी घेतली का सकाळची?"

"घेतली गं आक्का."

"मंग असं काय करतोस?"

त्यावर दादा हसले, उठले, चपला पायात सरकवल्या आणि घरी निघून आले. मी मागोमाग धावले. तोवर त्यांनी चहाचं आधण ठेवलंसुद्धा होतं.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गावानं हिशेब लगेच जुळवला: बायको गेली, नवस फळले नाहीत, म्हणून म्हातारा देवावर रुसला. मलाही तसंच वाटलं. मी विचारलं तर ते म्हणाले, "रुसायला समोर कुणीतरी लागतं, पोरी. मी रुसलो न्हाई. वाचता वाचता मनात आलं, ह्ये मी मानतो का? इतक्या वर्षांत मला कुणी इचारलंच न्हवतं. मीबी न्हाई."

"मग उत्तर काय आलं?"

"न्हाई आलं. म्हंजे, 'न्हाई' असंच आलं."

आणि त्यांनी मला साखर जास्त झालेला चहा दिला.

पुढच्या आठवड्यात देव्हाऱ्यातले देव आत्याच्या घरी गेले. आत्या शेजारच्याच घरात राहते. तिनं टाक आणि मूर्ती नव्या कापडात घेतल्या, रडली, भावाला चार शब्द सुनावले आणि त्याच संध्याकाळी त्याच्यासाठी पिठलं-भाकरी पाठवली. दादा एकादशीला कांदापोहे खायला लागले. ओतूरच्या बाजारात लोक मला थांबवून विचारायचे, "वडलांची तब्येत बरी हाय ना?" मी "हो" म्हणायचे आणि मेथीची जुडी न निवडताच पिशवीत टाकायचे. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. मी गुरुवार धरणारी, सासरी नेमानं सगळं करणारी बाई. माझ्या वडलांनी भर देवळात असं बोलावं?

त्या हिवाळ्यात दादांनी अर्धा एकर कांदा बियाण्यासाठी लावला. फुलांचे पांढरे गोंडे वर आले, पण त्यावर माश्या येईनात, आणि माश्या आल्या नाहीत तर बी भरत नाही. कुणीतरी सांगितलं, तिकडं घाटमाथ्यावर आहुप्याला एक रिटायर झालेल्या नर्सबाई आहेत, त्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. दादा एसटीनं आहुप्याला गेले आणि चार दिवसांनी एका पिकअपमध्ये सहा पेट्या आणि त्या बाई घेऊन आले.

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. जन्म आहुप्याचा, नोकरी सगळी आंबेगाव तालुक्यातल्या आडगावांत झालेली, लग्न केलेलं नाही. उंच, काळ्यासावळ्या, आणि बोलणं एकदम थेट. पेट्या नवीन जागी बसल्यात का हे बघायला त्या आठ दिवस आत्याकडे मुक्कामाला राहिल्या. सकाळी दादा आणि त्या बांधावर बसून माश्या मोजायचे. मी एकदा गेले तर दादा हातभर अंतरावरून एका गोंड्याकडे बघत होते आणि मला म्हणाले, "बोलू नको, ती आत गेलीय." साठी ओलांडलेला माणूस, चेहरा शाळा सुटल्यासारखा.

बी उत्तम भरलं. पेट्या परत गेल्या. आणि पुढच्या दिवाळीनंतर दादांनी मला फोन केला.

"पोरी, मी आहुप्याला राहायला चाललोय. सिस्टरकडं."

"किती दिवस?"

"होळीपत्तुर. मंग पावसाळ्यात त्या हिकडं येतील. आहुप्याचा पाऊस लई बेकार."

मग मी जे विचारलं ते सगळ्यांनीच विचारलं: "लग्न करताय का?"

"न्हाई. लग्नाला भटजी लागतो न्हाईतर सरकार. दोघांनाबी कशाला तरास?"

गाव काय काय बोललं ते लिहीत नाही. वयावरून बोलले, जातीवरून बोलले. आत्यानं दादांशी बोलणं टाकलं आणि मला हुकूम सोडला, "जा, घिऊन ये त्याला." नवऱ्यानं मात्र एवढंच म्हटलं, "आणायला जा, पण आधी बघून ये."

मी ओतूरहून जुन्नर, तिथून घोडेगाव, आणि घोडेगावहून आहुप्याची एसटी धरली. डिंभे धरणाच्या कडेकडेनं गाडी वर चढत राहिली. वाटभर मी भाषण तयार करत होते. आईचं नाव कुठे घ्यायचं, कुठे रडायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं.

घर गावाच्या टोकाला होतं, कौलारू, शेणानं सारवलेलं. दारातून बघितलं तर चुलीपुढे दादा बसलेले. समोर परात, हात कोपरापर्यंत पिठात, आणि तव्यावर महाराष्ट्राच्या नकाशासारखी काहीतरी नाचणीची भाकरी. माझ्या वडलांनी आयुष्यात भाकरी केली नव्हती. चहापलीकडे चुलीशी त्यांचा संबंध नव्हता. सिस्टर उंबऱ्यावर बसून हिरडे निवडत होत्या आणि सूचना देत होत्या.

"पाणी कमी घ्या. परवापेक्षा बरीये."

"परवाची कुत्र्यानंबी खाल्ली न्हवती," दादा मला बघून म्हणाले, जणू मी तिथे रोजच येते. "ये, बस. पहिली तुलाच."

भाषण राहिलं. मी ती भाकरी खाल्ली. एका बाजूनं कच्ची होती.

दुपारी सिस्टर मला देवराईत घेऊन गेल्या. दादाही आले. तिथलं झाड कुणी तोडत नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नाहीत. जंगल सुरू होतं तिथे सिस्टरनी चपला काढल्या, देवाच्या दगडाशी दिवा लावला, डोळे मिटले. सिस्टर मनापासून देव मानणाऱ्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी चकित झाले. मला वाटलं होतं, त्याही दादांसारख्याच, म्हणून दोघांचं जमलं असेल.

मग दादांकडे बघितलं तर तेही अनवाणी उभे. हातात तेलाची बाटली.

"दादा, तुम्ही तर मानत नाही."

"न्हाईच मानत."

"मग चपला?"

"ती काढती म्हणून. आन हितं पायाला गार लागतं, ते लई ग्वाड वाटतं."

सिस्टर डोळे न उघडता म्हणाल्या, "हवेला काडी विझते. ह्यांना आडोशाला उभं करते मी." आणि तिघंही एकदम हसलो. त्या झाडांत आमचं हसणं वाजवीपेक्षा मोठं वाटलं.

परतताना मी त्यांना विचारलं, "तुमचं पटतं कसं?"

"वाद होतात की," त्या म्हणाल्या. "रोज होतात. मी म्हणते आहे, ते म्हणतात नाही. मग माश्या बघायची वेळ होते."

मी तीन दिवस राहिले. डिंगोऱ्याला आले तेव्हा आत्या ओट्यावर वाटच बघत होती. मी म्हटलं, "आत्या, ते भाकरी करतात."

आत्यानं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग म्हणाली, "गोल व्हती का?"

त्या वर्षापासून माझं काही फार बदललं असं नाही. गुरुवार अजून धरते. पण धरताना मनात प्रश्न येतो, हे मी मानते का, आणि तो आला की आधी घाबरायचे तशी आता घाबरत नाही. काही गुरुवारी उत्तर हो येतं, काही गुरुवारी येत नाही, आणि त्या दिवशी मी सरळ वरणभात खाते.

मागच्या मार्गशीर्षात त्या दोघांनी आहुप्याला जेवण घातलं. वास्तुशांत नाही, वाढदिवस नाही, श्राद्ध नाही. डिंगोऱ्याचे लोक दादांना विचारून हैराण: "पण कशाचं जेवाण?" दादा सगळ्यांना फोनवर तेच सांगत होते, "कशाचंच न्हाई. भूक घिऊन या." आहेर काय न्यायचा, टॉवेल की नारळ, यावर ओतूरच्या स्टँडवर जोरदार चर्चा झाली. शेवटी दोन जीपगाड्या भरून माणसं निघाली, आणि पहिल्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर मोठा डबा घेऊन, आत्या बसली.

आहुप्याला उतरल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. डबा उघडला: मासवड्या, आमच्याकडे पाहुण्यासाठी करतात तशा, खसखस-खोबरं भरलेल्या बेसनाच्या. सिस्टरना म्हणाली, "रस्सा तुमी केलाय का?"

"केलाय. चव बघा."

आत्यानं पळीनं तळहातावर घेतला, चाखला. "मीठ बरोबर हाय," ती म्हणाली, आणि मग पदर खोचून पाटाची जागा बदलली, चुलीतली लाकडं पुढं सारली, गावच्या बायकांना कामाला लावलं. दादा दारात उभे होते. तिनं वर न बघताच त्यांना सांगितलं, "उभा काय ऱ्हातोस? पत्रावळ्या मांड."

पन्नासेक माणसं अंगणात जेवायला बसली, ऊन पाठीवर घेऊन. दादा आणि मी वाढत होतो. एक पाहुणा मला हळूच म्हणाला, "ताई, वदनी कवळ तरी म्हणायचं का न्हाई?"

मी दादांकडे बघितलं. ते भाताची परात कमरेवर धरून म्हणाले, "म्हणा की राव, ज्याला म्हणायचं त्यानं. फकस्त भात गार करू नका."

निम्मे म्हणाले. निम्म्यांनी सरळ घास घेतला. मासवड्या पहिल्या पंगतीतच संपल्या.