ह्यांच्या रक्ताचा निकाल

गेल्या उन्हाळ्यात मी माझी स्कूटर भाजीबाजारात विसरून रिक्षानं घरी आले. दोन पिशव्या घेऊन जिना चढले, भेंडी निवडली, चहा टाकला. ह्यांनी गॅलरीतून खाली डोकावून विचारलं, "तुझी गाडी कुठंय?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

हे त्या दिवशी लई खूश होते. माझी चूक सापडायचे प्रसंग आमच्या संसारात कमीच आले, असं माझं मत आहे. ह्यांना विचाराल तर वेगळं सांगतील. हे मूळचे पिशोरचे, नोकरी तहसील कचेरीत झाली. निवृत्तीला अकरा वर्षं होऊन गेली तरी कोणत्या गावात कोणत्या गटात कुणाची विहीर होती आणि तिच्यावरून कुणाकुणाची भांडणं होती, ते ह्यांना अजून तोंडपाठ. सांगून झालं की स्वतःच्या कपाळावर टिचकी मारायची आणि म्हणायचं, "हे बघ, कपाट आहे कपाट." मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. गोदावरीच्या उपनद्या मला अजूनही ओळीनं येतात. पण स्कूटर कुठं लावली ते येत नाही, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

परत रिक्षा करून गेले, स्कूटर घेऊन आले. ह्यांच्याबरोबर हसलेसुद्धा. पण मनातून धसका घेतला होता, तो ताईमुळे.

ताई माझी थोरली बहीण. वैजापूरला असते, मुला-सुनेजवळ. तीन वर्षांपासून तिचं विसरणं सुरू आहे. आधी चष्मा, मग गॅसचं बटण, मग सुनेचं नाव. आता ती मला कधी आई म्हणते, कधी शाळेतल्या बाई समजून उठून उभी राहते. तिच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आशा मात्र फारशी दिली नाही. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. त्यामुळे स्कूटरच्या दिवसापासून मी रोज एकच हिशेब करायला लागले, सहा वर्षांपूर्वी ताई काय काय विसरत होती?

हे मी ह्यांना बोलले नाही, शेजारच्या आपांना बोलले. आपा आमच्याच मजल्यावर राहतात, उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला झापलंच.

"भाभी, इत्ता कायको सोच रहे? पहले खून की जांच कराव. मैं तो चाबियां फ्रिज में रखती थी, दही के बाजू में! पांव में मुंग्यां अलग. बी-ट्वेल्व कम निकला मेरा. सुइयां लिए, आराम पड गया."

हर्सूलच्या रस्त्याला एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. ती माझीच विद्यार्थिनी. सातवीत असताना तिनं नकाशात नाशिक समुद्रात दाखवलं होतं, आणि मी त्याबद्दल तिला बाकावर उभं केलं होतं. हे तिच्या लक्षात नसावं अशी प्रार्थना करत मी गेले. सोबत हे. "तू काय विसरलीस ते सांगायला कुणीतरी पाहिजे ना," असं ह्यांचं म्हणणं.

तिनं आधी माझी परीक्षा घेतली. तीन शब्द सांगितले, केळं, खुर्ची, पाऊस. थोड्या वेळानं विचारीन म्हणाली. मग कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. ती माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. तीस वर्षं मुलांच्या पाठीमागं उभी राहून मी त्यांच्या वह्या बघितल्या, आता पाठीमागं कुणी उभं राहिलं की कसं वाटतं ते कळलं.

"घड्याळ छान आलंय, बाई," ती म्हणाली. "आता ते तीन शब्द सांगा."

मी डोळे मिटले. शेजारून हळूच आवाज आला, "केळं... केळं..."

"काका, कॉपी चालणार नाही," डॉक्टर म्हणाली.

मी तिन्ही शब्द सांगितले. इतका आनंद मला बी. एड.च्या निकालाला झाला नव्हता. डॉक्टर ह्यांच्याकडं वळली. "आलाच आहात तर तुम्हीपण द्या."

"मला काय झालंय?" हे खुर्चीत पुढं सरकले. "पण विचारा की. व्हय, विचारा."

तिनं शब्द बदलले. चमचा, घोडा, नदी. ह्यांनी घड्याळ ऐटीत काढलं. खाली आकडे नीट बसेनात म्हणून जरा दाटीवाटी झाली, एवढंच. मग शब्दांची वेळ आली.

"चमचा," हे म्हणाले. "घोडा." मग छताकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं, पण मी प्रामाणिक शिक्षिका. शेवटी ठामपणे म्हणाले, "आणि तलाठी."

मी पदर तोंडाला लावून हसले. डॉक्टर हसली नाही. तिनं विचारलं, "काका, पायाला मुंग्या येतात का?"

"येतात थोड्या. वयानं येतातच."

"जेवण कसं आहे?"

आता मी बोलले. कारण हे माझं जुनं दुखणं. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी ताटातला एकेक पदार्थ कमी करत आणलेला. दुधानं गॅस होतो, दूध बंद. डाळीनं पोट फुगतं, डाळ बंद. अंडं उष्ण पडतं. मटण दातांना झेपत नाही. पालेभाजी दातात अडकते. उरलं काय, तर ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि दिवसातून पाच वेळा चहा-खारी. वर आंबट ढेकर येतात म्हणून रोज सकाळी अॅसिडिटीची गोळी.

"ही गोळी किती वर्षं घेताय?"

"असतील सात-आठ. कुणी सांगितली नाय, मीच सुरू केली," हे अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि आम्हाला शिकवायला सुरुवात केली. मुलगी हुशार निघाली, नाशिकचं काय ते असो. म्हणाली, वय वाढलं की अन्नातलं बी-ट्वेल्व आधीच कमी शोषलं जातं. त्यात वर्षानुवर्षं ही गोळी घेतली, आणि दूध-अंडी-मांस सोडलं, की साठा संपत जातो. तो कमी पडला की रक्तात होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ वाढतो. ज्यांच्या रक्तात असं दिसतं, त्यांच्यात पुढं स्मृतिभ्रंश जास्त आढळतो, असं अभ्यासांत दिसलंय.

"म्हणजे बी-ट्वेल्व भरून काढलं की विसरायचा आजार होणार नाही?" मी विचारलं.

"तसं नाही, बाई. दोन्ही गोष्टी सोबत दिसतात. कोण कुणाला ओढतंय, हे अजून पक्कं सांगता येत नाही. पण नुसत्या कमतरतेनंही माणूस विसरायला लागतो, आणि ती भरून काढता येते. म्हणून आधी ती बघायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आम्ही रक्त द्यायला गेलो. मी बाही वर केली, झालं. हे मात्र सुई बघून शेजारच्या भिंतीकडं तोंड करून बसले आणि रक्त काढणाऱ्या बाईंना विचारायला लागले, की तुमचं गाव कोणतं, तिथं जमीन आहे का, किती एकर. त्या म्हणाल्या, "काका, झालंपण." तरी ह्यांना जमिनीचं उत्तर पाहिजेच होतं.

संध्याकाळी दोघांचे निकाल फोनवर आले. माझं बी-ट्वेल्व ठीक, फोलिक अॅसिड ठीक, डी जीवनसत्त्व जरासं काठावर, होमोसिस्टीन जागेवर. ह्यांचा कागद उघडला तर जागोजागी लाल. बी-ट्वेल्व तर एवढं खाली, की मला आधी वाटलं एखादा आकडा छापायचा राहिला.

"बाटल्या बदलल्या असतील," हे म्हणाले. "स्कूटर कोण विसरलं?"

ह्यांच्या हट्टानं आम्ही दुसरीकडं जाऊन पुन्हा रक्त दिलं. तिथंही हे नापासच.

डॉक्टरनं इंजेक्शनं लिहून दिली, गोळी हळूहळू बंद करायला सांगितली. मी विचारलं, "मग मी स्कूटर का विसरले?"

"त्या वेळी तुम्ही काय करत होता?"

मी आठवलं. ताईच्या सुनेशी फोनवर बोलत होते, सकाळपासून तिसऱ्यांदा.

"मग तेच," ती म्हणाली. "तुमचं लक्ष वैजापूरला होतं."

आता घरात ह्यांचा आहार सुरू झाला. आपांना कळल्यावर त्या दर शुक्रवारी झाकलेला डबा घेऊन यायला लागल्या. "भाईसाब, कलेजी है. एकदम नरम पकाई. दांत का बहाना नको." हे आधी नाक मुरडायचे, मग एक घास खाऊन बघायचे, मग डबा पुसून परत द्यायचे. अंडं उष्ण पडेनासं झालं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके सकाळी हर्सूलच्या तळ्यावर फिरताना हे मध्येच थांबले, एक पाय उचलून आपटला. "मुंग्या नायत," म्हणाले. आजूबाजूची माणसं बघायला लागली, तर दुसराही आपटून दाखवला.

आणि इथंच माझं चुकलं. मला वाटलं, ह्यांचं सुईनं ठीक होतंय, तर ताईचं का नाही? तिच्या रक्तातलं हे कुणी बघितलंच नसेल तर? तीन वर्षं आम्ही उगाच आजाराचं नाव घेत बसलो असू तर? त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. शनिवारी आम्ही दोघं वैजापूरला गेलो, ताईला रक्त द्यायला घेऊन गेलो.

ताई सुईला अजिबात घाबरली नाही. घाबरले हे, सुई दुसऱ्याला टोचणार असूनही. ताईनं ह्यांचा हात धरला आणि म्हणाली, "पाहुणे, भ्यायचं नाय. मुंगी चावल्यावानी होतं." ती ह्यांना लग्नापासून पाहुणेच म्हणते. त्यामुळे त्या दिवशी तिनं ओळखून म्हटलं, की घरी आलेला कुणी पाहुणा समजून, ते आम्हाला कळलं नाही. ह्यांनी मात्र हात सोडवून घेतला नाही.

निकाल घेऊन मी एकटीच डॉक्टरकडं गेले. तिनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "बाई, रक्त उत्तम आहे."

"सगळंच?"

"सगळंच. घरी म्हैस होती का?"

होती. दोन होत्या. ताईनं जन्मभर दूध प्यायलं, परसातली मेथी-पालक खाल्ली, कोंबड्या पाळल्या. ताटात काही टाकलं नाही, काही सोडलं नाही. तरी सुनेचं नाव गेलं. मी तो चांगला निकाल हातात घेऊन रडायला लागले. डॉक्टरनं मला रडू दिलं, बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "तपासलंत हे बरं केलंत. राहून गेलं असतं तर जन्मभर मनात राहिलं असतं." सातवीच्या बाकावर मी हिला उभं केलं होतं, हे मी तिला तेव्हा सांगून टाकलं. तिच्या लक्षात होतं.

तीन महिन्यांनी ह्यांचा कागद पुन्हा आला, लाल शाई गेलेली. डॉक्टरनं नवे तीन शब्द विचारले. ह्यांनी तिन्ही सांगितले आणि वर चौथा कोणता असता तर तोही सांगायची तयारी दाखवली. "हे रक्त सुधारल्यामुळंच, असं शंभर टक्के म्हणत नाही मी," असं ती म्हणाली, पण ऐकायला हे होते कुठं? तेव्हापासून तळ्यावर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला हे थांबवून विचारतात, "बी-ट्वेल्व किती तुमचं?" काही माणसं आता उलट्या दिशेनं फिरायला लागलीत.

दिवाळीनंतर ताईच्या सुनेला माहेरी जायचं होतं, म्हणून ताईला महिनाभर आमच्याकडं आणलं. ती कधी मला आई म्हणते, कधी आपांना. आपा म्हणतात, "हां बेटा, बोल." वाढायचं काम मात्र तिचे हात विसरलेले नाहीत. जेवायला बसलं की ती ह्यांच्या ताटात भाकरी वाढते, पाठ फिरवते, आणि वळून बघते तर तिला वाटतं पाहुण्याला अजून वाढलंच नाही. पुन्हा भाकरी, पुन्हा डाळ, वाटीभर दूध.

"अहो, नको म्हणा की," मी पहिल्या दिवशी हळूच म्हटलं.

"तूच म्हण," हे पुटपुटले.

ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. "पाहुणे, जेवा की. लाजता काय?"

ज्या माणसानं अकरा वर्षं मला वाटीभर डाळ वाढू दिली नाही, त्यानं मान खाली घालून तिसरी भाकरी कुस्करली.