हद्दीचा दगड आणि झोपलेला शेजारी

माझा धाकटा भाऊ शामू याने आजवर कुणाची काडीसुद्धा उचललेली नाही, आणि नेमका त्याचाच मला संशय आला.

आम्ही पुणतांब्याच्या शिवारात वस्तीवर राहतो. दोन भाऊ, दोन घरं, मधे सामाईक गोठा. रानही असंच शेजारी शेजारी. मधे बांध, बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड आणि दगडाजवळ वडिलांनी लावलेला कडुलिंब. शामूची लेक रूथ नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून शामू आणि त्याची बायको सुमन दुपारची जेवणं झाली की दार लोटून घेत आणि मोबाईलवर तिच्याशी बोलत बसत. यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. पण त्या दुपारी मी गोठ्यातल्या खाटेवर पडलो होतो आणि त्यांच्या मोबाईलचा आवाज मोठा होता.

“पप्पा, शेजारचा झोपलाय का बघा,” रूथ म्हणाली.

“झोपलाय. पार मेल्यावानी पडलाय,” शामूने सांगितलं.

“मग तो उठायच्या आत कडेचे दगड उचला. आणि एखादं झाड तोडून लाकूड काढून ठेवा.”

“बांधावरचं तोडू का? ते मोठं हाय.”

“तेच तोडा.”

मी श्वास रोखून धरला. (मेल्यावानी पडलेला माणूस एकदम उठून बसला तर समोरचा सावध होतो.) आमच्या नगर जिल्ह्यात माणूस अंगावरचं सोनं गेलं तरी दोन दिवसांनी जेवायला बसेल, पण बांध कोरला गेला तर त्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही. वडील गेल्यावर आम्हा भावांत एका शब्दाने वाद झाला नव्हता. आता कळलं, शामू योग्य वेळेची वाट बघत होता!

मी घरात येऊन बायकोला, मार्थाला, सगळं सांगितलं. ती कुरडया वाळत घालत होती.

“भाऊजी?” ती म्हणाली. “आपली शेळी त्यांच्या रानात गेली तरी तेच आपली माफी मागत्यात. सरळ जाऊन विचारा की.”

खरा बेरकी माणूस असाच असतो, हे मी तिला समजावून सांगितलं. माफी मागून मागून तो आधी विश्वास संपादन करतो. तिने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि कुरडयांवरचा कावळा हाकलला.

दुसऱ्या दिवसापासून मी भर दुपारी छत्री घेऊन लिंबाखाली पहाऱ्याला बसायला लागलो. शामू लगेच आला. हितं काय करतूय, दादा, म्हणाला. हवा खातूय, म्हणालो. हवा अशी होती की छत्रीची तारसुद्धा हाताला चटका देत होती. त्याला माझी दया आली असावी, कारण थोड्या वेळाने सुमन लिंबू सरबताची बाटली ठेवून गेली. त्यात गुंगीचं औषध असणार, हे मी तत्काळ ओळखलं आणि ते सरबत लिंबाच्या मुळाशी ओतलं. मग संध्याकाळपर्यंत तहानेने व्याकूळ होऊन झाडाकडे बघत राहिलो. झाडाला काही झालं नाही. म्हणजे औषध सावकाश चढणारं होतं.

रविवारी तर मी चर्चमध्ये बाक बदलला. आजोबांच्या वेळेपासून आमचं सगळं घर एकाच बाकावर बसत आलंय. त्यामुळे मी एकटाच पहिल्या रांगेत जाऊन बसल्यावर सगळी मंडळी गीत सोडून माझ्याकडे बघू लागली. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सलाम केला आणि हल्ली कमी ऐकू येतं का, असं हळूच विचारलं. मी म्हणालो, उलट हल्ली जरा जास्तच ऐकू येतंय.

आणि त्याच दुपारी मी ऐकलं की सुमन गंधक भाजतेय.

गंधक आमच्या भागात नवीन नाही. पेरूच्या बागांवर सगळेच फवारतात. पण ते भाजत कुणी नाही. “गंधक झालं भाजून,” सुमन म्हणत होती, “आता कोळसा घालू का गं?” आणि पलीकडून रूथ, आमच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर, थंडपणे सांगत होती, “घाल मम्मी. सुरुंग तयार झाला की आज शेजाऱ्याची भिंतच पाडू.”

सुमन म्हणजे संडेस्कूलच्या लेकरांना टाळ्या वाजवून गाणी शिकवणारी बाई! सुरुंगाने पाडायची भिंत म्हणजे विहिरीचीच, असं धरून मी तसाच आमच्या विहिरीकडे पळालो. सुरुंग लावायला कुठे भोकं पाडलीत का, ते काठावर ओणवा होऊन बघत असताना मागून मार्थाने सदरा धरला. जीव द्यायला काय झालंय एवढं, असं ती रडत विचारू लागली. तिची समजूत घालता घालता माझ्या मनाने एक बेत पक्का केला. शामूने हद्दीचा दगड न्यायच्या आत आपणच तो काढून सुरक्षित जागी ठेवावा.

(हा बेत ऐकल्यावर शहाण्या माणसाच्या मनात जे येतं ते त्या दिवशी माझ्या मनात आलं नाही.)

दुसऱ्या दिवशी रात्री सगळी वस्ती आडवी झाल्यावर मी पहार घेऊन गेलो. दगड उपसून काढला. संशय नको म्हणून खड्डा बुजवला, माती चोपली, वर पालापाचोळा पसरला. मग दगड पोत्यात घातला, मोटारसायकलवर दाव्याने करकचून बांधला आणि इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत घरी आणला. उतरवताना तो पायाच्या अंगठ्यावर पडला. ओरडायची सोय नव्हती. मी सदऱ्याची बाही तोंडात कोंबली, दगड भुशाच्या ढिगात पुरला आणि म्हशीने पाय दिला असं मार्थाला सांगितलं.

दगड गेल्याचं शामूला दोन दिवसांनी समजलं. तो घामाघूम होऊन आमच्या ओट्यावर आला, मागोमाग सुमन.

“दादा, आपला हद्दीचा दगड कुणीतरी नेला,” तो म्हणाला. “खड्डा बी दिसंना. आपन दोघं जाऊन पोलिसात सांगू.”

काय ते नाटक! माझा तोल गेला. झोपलेला शेजारी, बांधावरचं झाड, गंधक, सुरुंग, ऐकलेलं सगळं मी त्याच्या तोंडावर फेकलं. सख्ख्या भावाची भिंत उडवायला निघालास, असंही म्हणालो. शामूने खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला.

पडद्यावर एक ओसाड बेट होतं. त्यावर एक खोपटं, खोपटाला अर्धवट दगडी भिंत आणि दारात तीन इवलीशी माणसं उभी होती. मधे बांधासारखा उंचवटा, त्यावर तोडलेल्या झाडाचा बुंधा, पलीकडे दुसरं एक घर आणि त्यापुढे कुणीतरी आडवा पडलेला.

“ह्यो शेजारी,” शामू म्हणाला. “खेळातला. त्याचा मालक मोबाईल बंद करून गेला की ह्यो असा झोपतो. त्यानं आमची लाकडं लुटली, म्हणून सुरुंग.” मग तो ओट्यावर टेकला. “पोरगी गेल्यापास्नं घर खायला उठतं, दादा. तिलाबी तिकडं करमत न्हाई. फोनवर बोलून बोलून काय बोलायचं? मग दुपारच्या सुट्टीत तासभर तिघं मिळून दगड, लाकूड गोळा करतो आन् घर बांधतो. तेवढंच एका घरात ऱ्हायल्यासारखं वाटतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दगड आमच्या भुशात हाय,” मार्था शांतपणे म्हणाली. म्हशीचा पाय तिला पहिल्या दिवशीच पटला नव्हता.

दगड परत लावायला आम्ही चौघं गेलो. पण लावायचा कुठे? खड्डा मी असा काही बुजवला होता की मलाच सापडेना. शामू म्हणाला इथं होता, मी म्हणालो तिथं होता. मार्थाने तिसरी जागा दाखवली, सुमनने चौथी. जन्मात पहिल्यांदा आम्हा भावांत बांधावरून आवाज चढला. शेवटी दुसरा इलाज उरला नाही आणि आम्ही सरकारी मोजणी आणली.

मोजणीदारांनी यंत्र लावलं, इकडून तिकडून नेम धरला आणि माझ्या पेरूंच्या पहिल्या ओळीच्या पलीकडे, चांगलं आत येऊन खूण केली. लिंब शामूचा, पेरूची ओळ शामूची. मूळ दगडच कुणाच्या तरी चुकीने इतकी वर्षं माझ्या सोयीच्या जागी उभा होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने उपटला होता. शामू मला म्हणाला की झाडं तू लावलीस, पेरू तूच खा. ते ऐकून मला अंगठ्यापेक्षा जास्त लागलं.

इतक्यात मोजणीदारांनी पोत्यातल्या, भुसा चिकटलेल्या दगडाकडे बघत विचारलं, “पण मूळचा दगड काढला कुणी?”

मी माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो.

“रानडुकरानं उकरला, साहेब,” शामू म्हणाला.

“अहो, डुक्कर उकरेल. उचलून घरी नेतं होय?”

“आमच्याकडचं नेतं,” शामू म्हणाला, आणि मी मुकाट्याने मान डोलावली.