टेप लावलेलं बटण

टेस्टरभाऊंचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. पस्तीस वर्षं घरोघरी वायरिंग केलं, खिशाला टेस्टर कायम, म्हणून टेस्टरभाऊ. बायको जन्मापासून बहिरी. दोघांचा संसार हातांच्या खुणांवर चालला आणि चांगला चालला. भाऊ पाठमोरे असले आणि तिला काही सांगायचं असलं, की ती खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करायची. भाऊ वळायचे, मग ती बोलायची. त्यासाठी प्रत्येक खोलीच्या दाराशी बटण भाऊंनीच बसवलं होतं. हातांच्या भाषेत ‘अहो’ नसतं, सरळ बोट रोखायचं असतं, त्यामुळे भांडणात कायम तिचीच सरशी.

अशा या सुखी माणसाच्या डोक्याला तीन आठवड्यांपासून चार हार्ड डिस्कचा ताप झाला होता.

त्याचं असं झालं. बायकोची धाकटी बहीणही बहिरी. दोघी एकदा अशा बिनसल्या की तीन वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. धाकटी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. ती निवृत्त झाली तेव्हा शाळेनं मोठ्या कॅमेऱ्यावर तिचं चित्रण केलं, आणि त्यात अगदी शेवटी तिनं ताईसाठी दोन शब्द सांगितले. पुढच्याच महिन्यात तिला पक्षाघात झाला. उजवा हात गेला. आता काही विचारलं तर नुसती बघत राहते.

शाळेनं ते चित्रण पाठवलं, पण ते इतकं जड की टीव्हीवर लावलं की अडखळायचं. बोलणारा माणूस अडखळला तर निदान आवाजावरून अंदाज येतो. इथे हात छातीपाशी दिसायचा आणि पुढच्या क्षणी एकदम हवेत. “मला भेटायला” एवढं दिसायचं, मग चित्र थिजायचं, आणि मग “येऊ नकोस.” बायकोनं ते पन्नासदा पाहिलं असेल. बहिणीकडे जायला भरलेली पिशवी तिनं रिकामी करून कपाटात ठेवून दिली.

भाऊंना ते बघवलं नाही. ते कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

“घरी छोटा सर्व्हर करा,” दुकानदार म्हणाला. “चार डिस्क मिळून एक करायची. काम चौघींत वाटलं जातं, वेग वाढतो. नाहीतर चित्रणच लहान करून देतो मी.”

“काटछाट नको,” भाऊ म्हणाले. “तिचं एक बोटसुद्धा जायला नको.”

मग भाऊंनी आपल्या पद्धतीनं जोडणी केली. एक मेन लाइन, पुढे फाटे. पस्तीस वर्षं हेच केलं, एकाही घरात तक्रार नाही. चार तोंडांची एक पेटी आणली, चारही डिस्क तिला जोडल्या आणि पेटीतून एकच केबल कॉम्प्युटरला. क्लिपा मारून वायरी अशा सरळ नेल्या की बघत राहावं. आणि वेग? एका डिस्कचा होता त्याहून तसूभर जास्त नाही.

मग जे सुरू झालं त्यानं भाऊंच्या नाकी नऊ आले. डिस्क बदलल्या. पंखा बदलला. सगळं पुसून पुन्हा भरलं, दर वेळी त्यात अख्खा दिवस जायचा, आणि चित्र नेमकं त्याच जागी थिजायचं. दुकानदाराला फोन केला.

“एखादी डिस्क खराब असेल.”

“सगळ्या नव्या आहेत.”

“मग केबल.”

“तीही नवी आहे.”

“मग भाऊ, तुमचं नशीब.”

भाऊंनी फोन आपटला. नशिबाला टेस्टर लावून बघता येत नाही.

यात आणखी एक गोष्ट झाली होती. पहिल्याच दिवशी, भाऊ डिस्क भरत असताना, बायकोनं दिवा लुकलुकवला. भाऊ तिरीमिरीत उठले. “लाइनशी खेळू नकोस, सगळं जाईल,” असं हातवारे करून सांगितलं आणि बटणावर काळी टेप चिकटवून टाकली. दिव्याचा आणि डिस्कचा काडीचा संबंध नाही, हे काय वायरमनला कळत नव्हतं? पण रागावलेल्या माणसाला आपलीच विद्या आठवत नाही. तीन आठवडे ती टेप तशीच, आणि भाऊंची पाठ दाराकडे.

शनिवारी दुपारी भाऊंनी हात टेकले. स्टूल फिरवून दाराकडे तोंड करून बसले. बायको चौकटीतच उभी होती.

“आता बघतोयस?” तिनं विचारलं.

“बोल.”

“चार रिळं आहेत. सुई एकच.” तिनं पेटीतून निघालेल्या त्या एकुलत्या एक केबलवर बोट ठेवलं. मग कॉम्प्युटरच्या मागे हात नेला. तिथे चार खाचा रिकाम्या होत्या, चौघींना चार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. भाऊंनी डोक्याला हात लावला.

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. तेव्हा सांगितलंसुद्धा. मग रोज सांगत होते, तुझ्या पाठीला.”

भाऊ उठले. त्यांनी पेटी काढली, दुकानातून चार केबली आणल्या आणि प्रत्येक डिस्क स्वतंत्र जोडली. संध्याकाळी चित्रण लावलं. धाकटीचे हात पाण्यासारखे वाहू लागले.

“मला भेटायला एकटी येऊ नकोस,” ती सांगत होती. “भावोजींना घेऊन ये. ऐकू येणाऱ्या माणसांत तेवढा एकच आहे, आपण बोलताना आपल्याकडे बघणारा.”

बायकोनं ते दोनदा पाहिलं आणि पिशवी काढायला कपाटाकडे गेली. भाऊंना तिच्याकडे मान वर करून बघवेना. ते उठून दाराशी गेले आणि नखानं टेप सोलत बसले. टेप निघाली, गोंद मात्र बटणाला तसाच राहिला.

बायको पिशवी घेऊन आली. भाऊ अगदी समोर उभे होते, तरी तिनं ते चिकट बटण दोनदा दाबलं.

“उद्या सकाळची पहिली गाडी,” तिनं सांगितलं.

भाऊ तिच्या हातांकडे बघत होते.