कापणारा हात

आमच्या शिवणाच्या दुकानात कापड कापायचं ते फक्त ताईने. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. वीस वर्षं मी मशीनवर बसतेय, पण कात्रीला हात लावायची माझी काय बिशाद!

या वर्षी त्याच ताईची बोटं कापता कापता आखडायला लागली. अंगठा तळव्यात वळायचा, सोडवता सुटायचा नाही. तिने सगळं खापर कात्रीवर फोडलं. तीनदा धार लावून घेतली, धारवाल्याशी कडाकडा भांडली, शेवटी नवी आणली. मग एक महागाचं रेशमी कापड भलतीकडेच कापलं गेलं आणि ती स्टुलावर मटकन बसली.

"हात गेला गं. आता मी कसली शिंपीण?"

मी मशीन तशीच सोडून उठले. तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ब्लडप्रेशर बघायला त्यांनी दंडाला पट्टा आवळला आणि तसाच आवळून ठेवला, तर दोन-तीन मिनिटांत ताईचा पंजा तस्साच आखडला!

"अगं बाई, इथे कुठे आलीय कात्री?" मी ओरडलेच.

बाईंनी तिच्या गळ्यावरच्या व्रणाकडे पाहिलं. "थायरॉइडचं ऑपरेशन कधी झालं? कॅल्शियमच्या गोळ्या घेता ना?"

"तीन महिने झाले. गोळ्या संपल्या तशा सोडल्या. गाठ गेली, टाके निघाले, मग आणखी कशाला?"

धागा तोडला की शिवण पुरी, हीच तिची आयुष्यभराची सवय. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, थायरॉइडच्या मागे तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम त्याच सांभाळतात. ते कमी पडलं की हात असा आखडतो, दंड आवळला की तर लगेच. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसलेला दिसतोय. ओठांभोवती मुंग्या येतात?"

"येतात की! तुम्हाला कसं कळलं?"

रक्त तपासलं. कॅल्शियम पार खाली गेलं होतं. दोन दिवस दवाखान्यात सलाईन, मग गोळ्या. त्या ग्रंथी परत जाग्या होतील किंवा होणारही नाहीत. न झाल्या तर गोळ्या जन्मभर. "पण गोळ्या चुकवल्या नाहीत, तर हात चालेल," बाई म्हणाल्या. ताई तिथेच ढसाढसा रडली. मीही.

महिन्याभराने तिने टेबलावर कापड पसरलं, खडूने रेघ मारली आणि एका दमात टोकापर्यंत कापत गेली. रेघ कुठेच सुटली नाही. काम झाल्यावर तिने कात्री माझ्यापुढे सरकवली.

"पुढचं तू काप."

"आता कशाला? हात बरा झालाय ना तुझा?"

"म्हणून तर. बरा आहे तोवरच शिकवता येईल. धर."