उबेची जागा

शालनवहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या दारात टेम्पोवाल्याशी भांडत होतो. फरशांचे खोके फुटके निघाले होते आणि तो म्हणत होता, चढवतानाच फुटके होते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... सकाळी." मी टेम्पोवाल्याला हातानेच 'जा' म्हटलं. घाटकोपरहून कांदिवलीला पोहोचेपर्यंत माझी समजूत होती की माझा लहानपणचा दोस्त दिनकर अचानक गेला. त्यांच्या जिन्यात शेजारी आपसांत बोलत होते, "दोन वर्षं सोसलं बिचाऱ्यांनी." दोन वर्षं! रविवारीच तर माझ्या दुकानात बसून त्याने कटिंग चहा प्यायला होता. शेजाऱ्यांना ठाऊक आणि मला नाही. त्याला खांदा देताना मी मनातून त्याच्यावर चिडलेलो होतो. दीड महिना झाला, अजून आहे.

दिन्या आणि मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या एकाच वस्तीत, सारवलेल्या जमिनीवर वाढलो. तो शिकून सरकारी कचेरीत लागला. मी आधी फरशा वाहिल्या, मग बसवल्या, मग विकायला लागलो. निवृत्त झाल्यावर तो दर रविवारी दुकानात यायचा, पंख्याखालच्या मोडक्या खुर्चीत बसायचा आणि माझी गिऱ्हाइकाशी घासाघीस चालली की मिशीत हसायचा. गिऱ्हाईक गेलं की म्हणायचा, "त्याच्या अंगावरचा शर्ट तरी ठेवलास रे!"

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे एका सहलीबरोबर कोरियाला गेलो. कल्पना त्याचीच. मी म्हटलं, "एवढ्या थंडीत कशाला? बर्फ आपल्या फ्रीजमध्ये पण आहे." तर म्हणाला, "थंडीत स्वस्त पडतं." मला कुठे पकडायचं ते त्याला बरोबर माहीत होतं. उन्हाळ्यापर्यंत थांबायची त्याला खात्री नव्हती, हे मला आता कळतंय.

सोलच्या त्या राजवाड्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही, दिन्याने विमानातच पाठ केलं होतं. आत शिरलो आणि वाऱ्याने नाक जागेवर आहे की नाही तेच कळेना. आमची गाइड, हान नावाची हसरी मुलगी, सोप्या इंग्रजीत सांगत चालली होती. दरबारापुढच्या अंगणातल्या फरशा ओबडधोबड. मी वाकून बोटं फिरवली. "एवढा मोठा राजा आणि पॉलिश नाही?" हान म्हणाली, मुद्दामच. गुळगुळीत दगडावर ऊन डोळ्यांत जातं आणि पाय घसरतात. "शिक जरा," दिन्या म्हणाला, "तू लोकांच्या पायाखाली आरसे विकतोस." दरबाराच्या दारातून आत डोकावलो तर उंच खांब, काळोख आणि पार आत सिंहासन. सगळे फोटो काढून सरकले, दिन्या तिथेच उभा. "एवढ्या मोठ्या घरात एकच खुर्ची रे, बाळ्या... समोर बसायला कुणी नाही."

राणीच्या महालामागे विटांची नक्षीदार धुरांडी आहेत. महालाच्या बाहेरून जमिनीखाली जाळ करायचे, ऊब फरशीखालून सगळ्या खोलीत फिरायची आणि धूर या धुरांड्यांतून बाहेर पडायचा. जाळाजवळची जमीन सगळ्यात उबदार. तिथे घरातल्या वडीलधाऱ्याला नाहीतर पाहुण्याला बसवायची त्यांची रीत, हान म्हणाली. दिन्या धापा टाकत पायरीवर टेकला होता. "काय झालं रे?" "थंडी." मग मान वर करून म्हणाला, "ऐकलंस? पाहुण्याला उबेची जागा. आणि तू मला काय देतोस? मोडकी खुर्ची!"

"पंख्याखाली आहे ना? मुंबईत तीच ऊब."

तो हसला, खोकला, परत हसला. बाकीचे हानच्या मागे पुढे गेले होते. बर्फ पडलेलं अंगण आणि आम्ही दोघेच... सांगायला याहून चांगली जागा कोणती होती? तो उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "चल, ती पोरगी पुढे गेली."

मागच्या आठवड्यात मी वहिनींना सरळ विचारलं, "मी परका होतो का?"

 त्या म्हणाल्या, "ते म्हणायचे, बाळ्याला कळलं तर तो डॉक्टरांशीसुद्धा भाव करायला बसेल. आणि म्हणायचे, मला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर माझा आजार दिसतो... एक दुकान तेवढं राहू दे."

हो, केला असता भाव. डॉक्टरांनी दोन वर्षं म्हटल्यावर मी चार मागितली असती, भांडलो असतो, दुसऱ्या दारात गेलो असतो. कुणीतरी करायला हवं होतं ते. सांगितला तो भाव मुकाट्याने कबूल करून गेला लेकाचा... एवढे रविवार माझ्यासमोर बसून काही शिकला नाही.

दुकानात कुणी त्या खुर्चीकडे वळलं की मी दुसरी पुढे करतो. रिकाम्या खोलीत दिवा दिसला तरी ओरडणारा माणूस मी. परवाच्या रविवारी नोकराने पंखा बंद केला, म्हणाला, "शेठ, खाली कोणी नाही." त्याच्यावर असा ओरडलो की आलेलं गिऱ्हाईक दचकलं. पंखा पुन्हा लावला. गिऱ्हाइकाशी घासाघीस झाली, माझ्याच भावाला सौदा ठरला, ते गेलं... आणि सवयीने मी मान वळवली.