कोठ्याची परवानगी

ती घटना माझ्या स्मरणातून अद्याप उतरलेली नाही. पोलीस खात्यातील नोकरीत मी चोऱ्या, मारामाऱ्या, एक खूनही पाहिला; परंतु धुक्याच्या सकाळी डोळे मिटले की कानी येतो तो घुंगरांचाच आवाज. त्या काळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताशी जोडलेला होता आणि मी बुलढाणा जिल्ह्यात, घाटावरील एका ठाण्यात, लेखनिक हवालदार होतो. पायाच्या दुखण्यामुळे लवकर पेन्शन घेऊन हल्ली कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून बसतो. शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. तथापि माझ्या मसुद्यास वकीलही हात लावीत नाहीत, हे नम्रपणे नमूद करतो.

ठाण्याचे साहेब जबलपूरकडील. करडे, सचोटीचे, पण वऱ्हाडात नवे. एके दुपारी जवळच्या गावचा एक शेतकरी खबर घेऊन आला. साहेबांपुढे छाप पडावी म्हणून त्याने हिंदीच चालविली.

"साहब, हमारे बाजू की बाई कोठा बांधती है. घुंगरू बजते, हमकू नींद नहीं. फजर से आदमी लोगों की आवजाव."

"मर्द क्या करता है उसका?"

"मर गया ना साहब."

साहेबांचा चेहरा कठोर झाला. त्यांच्या मुलखात कोठा म्हणजे नाचगाण्याचे बदनाम घर. हिंदी बोलण्यात तो शब्द आल्यावर मलाही दुसरा अर्थ सुचला नाही. ठाण्यात आम्ही साहेबांच्याच भाषेत विचार करीत असू. त्या विधवेचा अर्ज तहसील कचेरीतून पोलिसांच्या अभिप्रायासाठी आलेलाच होता. गावठाणातील मोकळ्या जागेवर कोठा बांधण्यास परवानगी मिळावी, एवढेच त्यात होते. अर्ज माझ्या हातचा नव्हता, हे उघडच आहे. आमच्या एका प्रतिकूल ओळीने तिची परवानगी बुडणार होती, आणि तिचे नावही.

साहेबांनी स्वतः पाहावयाचे ठरविले. पहाटे आम्ही गावाशी पोचलो तेव्हा धुके इतके दाट होते की साहेबांचा घोडाही मला मानेपर्यंतच दिसे. घरे, झाडे, रस्ता, सारे दुधात विरघळल्यासारखे झाले होते. आपण सरकारी कामावर आलो आहोत की झोपेतच चालत आहोत, असा भास होत असता घुंगरे वाजली. पुढून एक म्हातारा लोटा झाकून येत होता.

"कहाँ से आया?"

"बाईकडून, साहेब. रोजचाच रतीब हाय माहा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पेन्सिल काढली.

बाई अंगणात उभी होती. डोईवर पदर, हात ओले. साहेबांनी तेथेच चौकशी सुरू केली.

"ये घुंगरू किसके हैं?"

"चंद्रीचे, साहेब."

"किसने बांधे?"

"मीच बांधतो. धुक्यात भुलते ते."

"चालचलन कैसा है उसका?"

बाईने ओले हात पदरास पुसले. मग शांतपणे म्हणाली, "गरीब हाय. परका माणूस आला त पहिले शिंगं दाखोते, मंग जवळ येऊ देते."

माझी पेन्सिल शिंगांवर अडली. तेवढ्यात धुके हलले आणि त्यातून एक पांढरी गाय, गळ्यात घुंगरमाळ, स्वप्नातून यावी तशी बाहेर आली. तिने साहेबांना नीट न्याहाळले आणि त्यांची बाही चाटावयास प्रारंभ केला.

"हवालदार, कोठा मतलब?" साहेबांनी हळूच विचारले.

"गुरांचा गोठा, साहेब. वऱ्हाडात त्यालाच कोठा म्हणतात."

साहेबांनी बाही सोडवून घेतली नाही. बाई म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात उघड्यावर माही कपिली गाय मेली. हिच्या डोक्यावर छप्पर पाह्यजे, येवढंच मांगून राह्यलो."

साहेब घोड्याकडे वळल्यावर तिने मला विचारले, "जमादार, काऊन आले होते साहेब?"

"जागा पाहावयास."

"जागा त पाह्यलीच नाही त्याईनं. माह्या गाईचीच चौकशी केली."

अभिप्राय अनुकूल गेला. माळ रात्री उतरवावी, एवढी एकच अट शेजाऱ्याच्या झोपेसाठी मी घातली. पुढल्या खेपेस गाय व्याली ती छपराखाली. पुढे त्या शेजाऱ्यानेही तेथेच दूध लावले.

मागील वर्षी तीच बाई वारसाच्या अर्जासाठी माझ्यापुढे बसली. बोलता बोलता म्हणाली, "साहेब मले काय समजले होते, मले तवाच समजलं होतं. बाजारात दूध इकतो मी. हिंदी येते मले."

"मग बाई, तेव्हाच का नाही बोललात?"

"भांडलो असतो त परवानगी गेली असती. म्हटलं, चंद्री समोर येईपावतर साधी उत्तरं देत राहावं. बाईच्या बोलण्यावर साहेब लोकाईचा भरोसा बसत नाही. गाईवर बसते."

इतकी वर्षे मी समजत होतो की त्या सकाळी चौकशी आम्ही केली. पोलिसाने जबानी घेताना समोरच्याच्या भोळेपणाची नोंद करण्याची घाई करू नये, एवढे त्या प्रकरणाने मला शिकविले. तेही नोकरी संपल्यावर.