उन्हावरचा धंदा

ताईने शाळेतली नोकरी सोडली त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. ती घाटकोपरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि पर्मनंट होती. बाबांची गिरणी सुटल्यापासून आमच्या दोन खोल्यांत पर्मनंट या शब्दाला फार मान होता. बाबा तेव्हा कुर्ल्याच्या एका कारखान्यात सकाळच्या पाळीला जायचे आणि ती नोकरी कधी सुटेल याचा नेम नव्हता. अशा घरात थोरली मुलगी सांगत होती की ती आता उन्हावर स्वयंपाक करायच्या पेट्या बनवणार.

हे खूळ तिच्या डोक्यात पवईला शिरलं. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे शिक्षकांसाठी शिबिर होतं, त्यात कोणीतरी सूर्यचूल करून दाखवली. ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं होतं, सरकारही असल्या वस्तूंवर सूट देत होतं. ती चूल बाहेरून जाडजूड सुटकेससारखी दिसायची. आत काळा रंग दिलेला पत्र्याचा ट्रे, त्याच्याभोवती ऊब धरून ठेवायला काचेची लोकर, वर दुहेरी काच आणि झाकणाला आतून आरसा. काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ घालून पेटी उन्हात ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचं. दुपारी वरण-भात तयार. चपाती मात्र त्यात होत नसे आणि ताई हे प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकायची. मी म्हणायचे, अगं, विचारलं तर सांग ना. ती ऐकायची नाही.

मी अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होते. ताईने मुलुंडला छोटा गाळा घेतला, तेव्हा आधी मी शनिवार-रविवार जायचे, मग ऑफिस सोडूनच दिलं. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका कामाला होत्या. चौघींनी मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून काम केलं, कारण त्या लोकरीचा कण अंगाला लागला की रात्रभर खाज सुटायची. काचेच्या कडेचं रबर बसवण्यात माझा हात चांगला बसला होता. वाफ बाहेर सुटली तर पेटी वाया, म्हणून ताई प्रत्येक झाकणावर स्वतः बोट फिरवून बघायची.

आणि धंदा चालला. सुरुवातीला तर झकास चालला. सोसायट्यांच्या गच्चीवर आम्ही सकाळी पेटी मांडायचो, दुपारी झाकण उघडलं की वाफेबरोबर बायकांचा घोळका पुढे यायचा. एकीने आमच्यासमोर भाताचं शीत बोटांनी चेपून बघितलं आणि तिथल्या तिथे दोन पेट्या मागितल्या, एक स्वतःला आणि एक मुलुंडच्या नणंदेला. उपनगरात तेव्हा गॅसचा नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसलेले असत आणि रॉकेलच्या रांगेत सकाळ जायची. आम्हाला वाटायचं, लोकांना ही कल्पना आवडली आहे. मलाही मनापासून तसं वाटत होतं.

मग मार्केट हळूहळू बसायला लागलं. सरकारी सवलतीचे कागद अडकून पडले. पत्रा आणि काच दोन्ही महागलं. दुकानदार म्हणायला लागले, मॅडम, आधीचा माल उठू दे. ताई शांत होती. तिच्या हातात बोरिवलीची एक मोठी सोसायटी होती. तिथल्या सेक्रेटरीबाईंनी स्वतः गाळ्यावर येऊन सांगितलं होतं की दोन्ही विंगमध्ये घरटी एक पेटी घेऊ, फक्त एका रविवारी सगळ्यांना करून दाखवा. त्या ऑर्डरच्या भरवशावर ताईने माल भरला आणि आम्ही पेट्या बनवत राहिलो.

त्या रविवारी आम्ही टेम्पोतून तीन पेट्या घेऊन बोरिवलीला गेलो. सकाळी गच्चीवर मांडल्या, भात, मसूर आणि रताळी लावली. ऊन कडक होतं, आभाळात ढग नव्हता. दहा वाजता कोणी आलं नाही. रविवार आहे, उशिरा उठले असतील, असं म्हणून आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. अकरा वाजून गेले तरी जिन्यावर पाऊल वाजेना. ताई म्हणाली, जा, बघून ये, विसरले असतील.

मी खाली गेले. अख्खी सोसायटी खाली कंपाउंडमध्ये होती. टेबल मांडलेलं, त्यामागे दोन माणसं, बाहेर ट्रक उभा आणि ट्रकात लाल सिलिंडर. गॅसच्या नव्या एजन्सीने मागे तुंबलेले सगळे नंबर एकदम उघडले होते. बायका घाईत बदललेल्या साड्यांत, पुरुष बनियनवर शर्ट चढवलेले, हातात जुन्या पावत्या. कोणीतरी पेढे वाटत होतं. मलाही एक दिला आणि मी तो घेतला. सेक्रेटरीबाईंनी मला पाहिलं. त्या रांगेतून बाहेर आल्या नाहीत, नंबर गेला असता. तिथूनच म्हणाल्या, "तुम्हाला कळवायचं राहून गेलं हो. कालच कळलं आम्हाला."

पेढा हातात धरून मी चार मजले चढले. वर ताई झाकण उघडून उभी होती. भात सुरेख झाला होता, शीत न् शीत मोकळं. मी सांगितलं तेव्हा तिने कठड्यावरून खाली पाहिलं. मग म्हणाली, "जेवून घे. टेम्पोवाल्याला पण वाढ."

पुढच्या काही आठवड्यांत काय होतंय हे मला समजत होतं, पण खरं वाटत नव्हतं. एजन्स्या सगळीकडेच नंबर सोडत होत्या. मुलुंड, भांडुप, अंधेरी, जिथे जिथे आमची ऑर्डर होती तिथून निरोप येत होता. दुकानदारांनी माल परत पाठवला. कोणी वाईट बोललं नाही, उलट सगळे जरा ओशाळून बोलायचे. ज्या बाईने नणंदेसाठी पेटी नेली होती तिनेही सांगितलं की आता ती पलंगाखाली ठेवली आहे. मी गाळ्यावर जायचे आणि रबर हातात घेऊन बसून राहायचे. दोन्ही बायका माझ्याकडे बघायच्या, मी ताईकडे. ताई म्हणायची, गॅस महागेल, सिलिंडर संपेल, लोक परत येतील. थोडं थांबायला पाहिजे. ती असं म्हणाली की मला धीर यायचा. ताई कधी चुकलेली मी पाहिलीच नव्हती.

एका संध्याकाळी आम्ही दोघी घरी आलो तर दारातच रॉकेलचा वास आला नाही. इतक्या वर्षांचा वास, तो नसला की घर परकं वाटतं. स्वयंपाकाच्या ओट्याखाली लाल सिलिंडर उभा होता. वर नवी शेगडी, तिच्यावर आईने हळदकुंकू वाहिलं होतं. आई बाजूला उभी होती, पदर खोचून, एखादी चोरी पकडली जावी तशी.

आईने कधीचा नंबर लावला होता. ताईने नोकरी सोडायच्याही कितीतरी आधी. नंबर लागल्याचं कळल्यापासून ती आम्हाला सांगायचं टाळत होती. बाबांना ठाऊक होतं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

मी म्हणाले, आई, तू पण? माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या रेडिओचा आवाज कोणीतरी कमी केला.

आई रागावली की मालवणीवर यायची. "ह्येंका पाचाक डबो लागता," ती बाबांकडे हात करून ताईला म्हणाली. "तेवा सूर्य तरी उगवता काय? तुजी पेटी त्या वक्ताक काय करतली, सांग माका. इतकी वर्सां धूर मी खाल्लंय, तुमी नाय."

मला वाटलं ताई भांडेल. ती वर्गात मुलांच्या सात प्रश्नांना सात उत्तरं देणारी बाई. पण ती खाली बसली. सिलिंडरची नळी कुठे कशी जोडली आहे ते तिने वाकून पाहिलं, रबरावर बोट फिरवलं आणि जोड घट्ट आहे की नाही ते तपासलं. मग उठून शेगडी पेटवली. निळी ज्योत निघाली, एकसारखी. ताईने चहाचं आधण ठेवलं. आम्ही तिघं नुसते बघत होतो.

चहा झाल्यावर तिने चार कपांत ओतला, पहिला आईला दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांबवू या आपण."

"किती दिवस?"

"ते मला सांगता येत नाही गं."

मला जो धक्का बसला तो बोरिवलीतही बसला नव्हता. बोरिवलीला लोकांनी पाठ फिरवली होती. इथे ताईनेच फिरवली. गरम चहा मी एका घोटात प्यायले आणि जीभ पोळली, तेही उशिरा कळलं.

तिने दुसऱ्याच दिवसापासून आवरायला घेतलं. न वापरलेला पत्रा परत घ्यायला व्यापाऱ्याला राजी केलं. दोन्ही बायकांना घेऊन ती स्वतः मुलुंडच्या कारखान्यांत फिरली आणि एका ठिकाणी बिस्किटांच्या पॅकिंगला दोघींना चिकटवूनच परतली. विचारणाऱ्यांना ती सांगायची, बंद नाही केलं, मार्केट बरं होईपर्यंत थांबवलंय. पत्रा कापायच्या मशीनला तेल लावून आम्ही वर गोणपाट बांधलं. मी यंत्रासारखी सांगितलेलं करत होते. त्यानंतरही कित्येक सकाळी मी डबा भरून मुलुंडला निघायची तयारी करायचे आणि चपला घालताना आठवायचं.

शाळेने ताईला परत घेतलं, पण विज्ञानाची जागा भरली होती. पाचवीचा भूगोल मिळाला. पर्मनंट व्हायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी कांजूरला एका कंपनीत टायपिंगला लागले. मार्केट बरं झालं की नाही ते आम्हाला कोणी कळवायला आलं नाही. पुढच्या वर्षी गाळ्याच्या मालकाला जागा हवी झाली, तेव्हा जव्हारकडच्या एका आश्रमशाळेचे गुरुजी टेम्पो घेऊन आले आणि उरलेल्या सगळ्या पेट्या घेऊन गेले. त्यांच्याकडे सरपणासाठी मुलींना लांब जावं लागायचं. गुरुजींनी विचारलं, यात भाकरी होते का?

"नाही होत," ताईने लगेच सांगितलं. "भात, डाळ, कंद होतात. पावसाळ्यात काहीच होत नाही."

गुरुजी म्हणाले, चालेल. टेम्पोत पेट्या चढवताना ताईने एकेका झाकणाखाली जुने पेपर घातले, काच हलू नये म्हणून. टेम्पो वळणावरून गेल्यावर ती रिकाम्या गाळ्यात परत गेली आणि झाडू मारायला लागली. मालक म्हणाला, राहू द्या, मी माणूस लावतो. तिने ऐकलं नाही. त्या लोकरीचा चुरा कोपऱ्यात राहतो, म्हणाली, नव्या माणसाला खाज सुटेल.